डोकं खाली, शेपूट वर

गेल्या अंकात मांजरकुळाबद्दल लिहिताना मी मार्गे या अमेरिका खंडातल्या रानमांजराला दोनच ओळी दिल्या होत्या. ते खोडावरून खारीसारखं डोकं खाली करून उतरतं, एवढंच त्यात होतं. त्यावर वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली आणि प्रश्न इतके नेमके होते की या वेळचं सगळं सदर मी त्या मांजरालाच देते आहे.

प्रश्न : बाई, आमची मनी कुत्र्याला घाबरून माडावर चढली आणि थेट शेंड्यात जाऊन बसली. रात्रभर ओरडत होती. सकाळी पाडेल्याने वर जाऊन तिला पोत्यातून खाली आणलं. चढता येतं तर तिला उतरता का येत नाही? आणि मार्गेला कसं येतं?
*– आठवीतला वाचक, देवगड*

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मनीच्या नखांत आणि तिच्या मागच्या पायांच्या घोट्यांत आहे. ती शांत असेल तेव्हा तिचा पुढचा पंजा हलक्या हाताने दाबून बघ. नखं बाहेर येतील. प्रत्येक नख आंबे काढायच्या आकडीसारखं मागे वळलेलं दिसेल. चढताना तिचं वजन तिला खाली ओढतं आणि त्या ओढीने नखं सालीत आणखी रुततात. म्हणून चढणं सोपं. पण डोकं खाली केलं की तीच नखं जमिनीच्या दिशेला वळतात आणि कशालाच धरत नाहीत. मग सगळं अंग घसरायला लागतं. तिच्याकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे शेपूट खाली ठेवून मागे मागे सरकत येण्याचा. आंब्या-फणसावरून मांजरं तसं उतरतात, मधे फांदी आली की तिथे थांबतात, थोडं उडी मारून येतात. माडाला फांदी नाही आणि टेकायला जागा नाही. एवढ्या उंचीवरून खाली न बघता सरकत यायचं म्हणजे कुणीही घाबरेल.

आता तुमच्या परसातली खार बघ, मालवणीत आपण जिला चानी म्हणतो ती. ती उतरताना थांबते तेव्हा तिच्या मागच्या पायांकडे नीट लक्ष दे. पाय मागे वळलेले असतात आणि नखं वरच्या दिशेला रुतलेली असतात. म्हणजे चानी उतरताना मागच्या पायांवर लटकलेली असते. घाटातलं शेकरूही तसंच. हे जमतं ते घोटा वळतो म्हणून. मनीचा घोटा तेवढा वळत नाही. मार्गेचा वळतो, आणि किती, तर जवळजवळ 180 अंश! त्यामुळे ते उंच खोडावरून सरळ डोकं खाली करून धावत उतरू शकतं. एका मागच्या पायाने फांदीला लटकून राहतं आणि पुढचे दोन्ही पंजे मोकळे ठेवतं. मांजरकुळात हे फार थोड्यांना जमतं. आपल्या ईशान्य भारतातला ढगाळ बिबट्या त्यांतला एक.

मार्गे फार मोठं नसतं. वजन साधारण अडीच ते चार किलो, म्हणजे धडधाकट घरच्या मांजराएवढं. पण शेपटीकडे बघितलं की फरक कळतो. अंगाची लांबी 48 ते 79 सेंटीमीटर आणि शेपूट एकटं 33 ते 51 सेंटीमीटर. फांदीवरून चालताना तोल सांभाळायला तेच लागतं. पंजे रुंद आणि बोटं लवचिक, त्यामुळे फांदी जणू मुठीत धरता येते. डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे, कारण शिकार बहुतेक रात्रीची. खाणं म्हणजे झाडावरचे उंदीर, खारी, पक्षी, अंडी, सरडे, बेडूक, किडे आणि कधीकधी फळंही.

बेलीझ या देशातल्या कॉक्सकोम खोऱ्यात एका तरुण नराला रेडिओ पट्टा बांधून त्याचा माग ठेवला गेला होता. तो दिवसा जमिनीपासून सात ते दहा मीटर उंचीवर, वेलींच्या गुंत्यात किंवा कोहुन नावाच्या माडकुळातल्या झाडांवर विश्रांती घ्यायचा. तुझी मनी जिथे रात्रभर रडली, तशाच झाडावर तो निवांत झोपायचा. मात्र एका शिकारीच्या जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना तो खाली उतरून जमिनीवरून चालायचा. हे लक्षात ठेव, पुढच्या एका उत्तरात मला ते पुन्हा लागणार आहे.

आणि मनी परत माडावर गेली तर आधी कुत्र्यांना वाड्याबाहेर काढा आणि खाली गलका करू नका. खाली माणसं गोळा झाली की मांजर आणखी वर सरकतं. थोडा वेळ वाट बघून मगच पाडेल्याला हाक मारा.

प्रश्न : नातीने मोबाइलवर दाखवलं की हे मांजर माकडाच्या पिल्लाचा आवाज काढतं आणि माकडं जवळ आली की झडप घालतं. मोबाइलवर काहीही दाखवतात, म्हणून तुम्हाला विचारतो.
*– आजोबा, गुहागर*

आजोबा, गोष्ट खरी आहे, पण मोबाइलवर सांगतात तेवढी मोठी नाही. म्हणून घडलं ते तेवढंच सांगते.

ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मनौस नावाचं शहर आहे. त्याच्या उत्तरेला अडोल्फो डूके हे राखीव वन. तिथे पाइड टॅमरिन नावाची छोटी माकडं राहतात. पुढचं अंग पांढरं, मागचं तपकिरी, आणि आकार आपल्या शेकरूपेक्षाही लहान. जगात ती फक्त मनौसच्या आसपासच्या पट्ट्यात सापडतात आणि आज अतिशय धोक्यात आहेत. 2005 मध्ये संशोधक अशा आठ माकडांच्या एका टोळीवर नजर ठेवून होते. माकडं उंबर-वडाच्या जातीच्या झाडावर फळं खात होती. तेवढ्यात जवळच्या वेलींतून टॅमरिनच्या पिल्लासारखा आवाज यायला लागला. टोळीतला राखणीला बसणारा नर अस्वस्थ झाला, वरखाली करत आवाजाच्या दिशेने बघायला लागला. बाकीची काही माकडंही पुढे आली. आवाज काढणारी होती मार्गे. ती खोडावरून चारी पायांवर उतरली आणि माकडांच्या दिशेने झेपावली. राखणदाराने ओरडून इशारा दिला आणि सगळी टोळी पसार झाली. मार्गेच्या हाती काही लागलं नाही.

नोंद आहे ती एवढीच. शिकार साधली नाही, आणि नक्कलही फार हुबेहूब नव्हती असं पाहणाऱ्यांनी लिहिलं आहे. तरीही मला ही नोंद फार मोलाची वाटते आणि त्याचं कारण वेगळं आहे. अ‍ॅमेझॉनमधली माणसं आधीपासून सांगत आली होती की तिथली रानमांजरं भक्ष्याचे आवाज काढतात. जग्वार, प्यूमा, ऑसेलॉट या सगळ्यांबद्दल त्यांनी हे सांगितलं होतं. ते कानावर घेणाऱ्यांनी दंतकथा म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी वह्या-दुर्बिणी घेतलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत ते घडलं. आपल्याकडेही भृंगराज पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढून त्यांना फसवतो, हे गावातल्या गुराख्याला कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक असतं. तुमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना रानातल्या आवाजांबद्दल विचारा आणि ते नातीला लिहून ठेवायला सांगा. ती माहिती टाकून देण्यासारखी नसते.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत संध्याकाळी ठिपक्यांचं लहान मांजर दिसलं. गड्याने मोबाइलवर फोटो काढला, तो सोबत पाठवते. इंटरनेटवर बघितलं तर अगदी मार्गेसारखंच. ते इकडे कसं आलं असेल?
*– बागायतदार वाचक, दोडामार्ग तालुका*

ताई, ते मार्गे नाही, ती आपली वाघाटी आहे. फोटो अंधूक असला तरी पाठीवरचे भरीव ठिपके आणि कपाळावरून मानेकडे गेलेल्या रेघा दिसतात. मार्गेच्या अंगावरचे ठिपके मोठे असतात. त्यांच्या कडा काळ्या आणि मधला भाग फिकट, म्हणजे फुलासारखे मधे मोकळे. शिवाय फोटोतल्या मांजराचं शेपूट तेवढं लांब नाही.

आपल्या भागात लोक दोन वेगळ्या मांजरांना वाघाटी म्हणतात. त्यातलं एक तुमच्या फोटोतलं, बिबट्यासारखे ठिपके असलेलं. दुसरं त्याहून खूप लहान, तांबूस ठिपक्यांचं. ते फार फार तर दीड किलोचं भरतं आणि जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत त्याची गणना होते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ते जगात कुठेही नाही. मार्गे त्याच्यापुढे चांगलंच मोठं दिसेल.

दिसायला सारखी असली तरी या दोघांचं नातं जवळचं नाही. मार्गेच्या घराण्याचे पूर्वज सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी बाकीच्या मांजरांपासून वेगळे झाले. ते आशियातून, आज जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथल्या जमिनीवरून, उत्तर अमेरिकेत गेले. पुढे पनामाची संयोगभूमी तयार झाल्यावर दक्षिणेत उतरले आणि तिथे त्यांच्या बऱ्याच जाती झाल्या. आकाराने मोठं ऑसेलॉट, चिलीच्या पावसाळी जंगलातलं चिमुकलं कोडकोड, अँडीजच्या उंच उघड्या खडकांत राहणारं अँडियन मांजर, हे सगळे मार्गेचे भाऊबंद. एक खूण तर थेट पेशीत आहे. मांजरकुळात बाकी सगळ्यांना 38 गुणसूत्रं असतात, या एका घराण्याला मात्र 36. तेव्हा तुमच्या बागेतली वाघाटी आणि ब्राझीलचं मार्गे यांनी ठिपके एकमेकांकडून घेतलेले नाहीत. रात्री झाडीत वावरणाऱ्या लहान शिकाऱ्याला असा अंगरखा उपयोगी पडतो, म्हणून तो दोन्हीकडे टिकला.

तिकडून इकडे जे आलं ते तुम्ही ज्या झाडाखाली उभ्या होतात तेच. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. ब्राझीलचा तो पूर्व किनारा नकाशावर बघा. एका बाजूला समुद्र, आत शिरलं की डोंगराची भिंत, भरपूर पाऊस आणि त्यावर वाढलेलं दाट जंगल. मला तर तो नकाशा बघताना दर वेळी आपलीच आठवण येते. जर्मनीतल्या विएड संस्थानचा राजपुत्र माक्सिमिलियान 1815 ते 1817 या काळात त्याच किनाऱ्याच्या जंगलांतून फिरला आणि तिथले प्राणी-पक्षी त्याने नोंदवले. 1821 मध्ये शिंझ या स्विस अभ्यासकाने या मांजराचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा जातीला नाव दिलं ते याच राजपुत्राचं. आज ते लिओपार्डस विएडी असं लिहितात.

तुमच्या बागेत वाघाटी फिरते याचा मला मनापासून आनंद झाला. उंदरांचा बंदोबस्त ती करते आहे. उंदरांना विष घालत असाल तर कृपा करून थांबवा. विष खाल्लेला उंदीर तिच्या पोटात जातो.

प्रश्न : मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत जे मांजर सापडतं त्याची काळजी कशाला करायची? एवढा मोठा प्रदेश आहे.
*– वाचक, कणकवली*

प्रश्न चांगला आहे आणि अनेकांच्या मनात असतो. नकाशावर रंगवलेला प्रदेश मोठा दिसतो हे खरं. मेक्सिकोपासून मध्य अमेरिका, अ‍ॅमेझॉन, ब्राझीलचा किनारा, खाली उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिना. पण त्या रंगात शेतं, गुरांची कुरणं, शहरं, महामार्ग सगळं आलं. मार्गेला लागतं ते झाडाला झाड लागलेलं जंगल, आणि ते त्या नकाशात तुकड्यातुकड्यांनी उरलं आहे.

त्यातही मला सर्वांत जास्त टोचते ती त्याच्या विणीची गोष्ट. घरची मांजर साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि एका वेळी तीन-चार पिल्लं घालते. वर्षातून दोनदाही विते. मार्गेची मादी जवळजवळ 80 दिवस पोटात पिल्लू वाढवते, आणि बहुतेक वेळा एकच. तिला सडही दोनच असतात. झाडाच्या ढोलीत किंवा दाट आडोशाला ती पिल्लू ठेवते. साधारण दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात, पाच आठवड्यांच्या सुमारास ते बाहेर पडतं, पुढे दोन महिन्यांच्या आतबाहेर आईने आणलेलं मांस खायला लागतं. एवढ्याशा प्राण्याला एवढा वेळ आणि एवढी मेहनत, तीही एका पिल्लासाठी. उंच झाडावर राहणाऱ्या आईला चार पिल्लं सांभाळणं अवघडच, म्हणून हे धोरण लाखो वर्षं तिला पुरलं असावं असं मला वाटतं. पण हिशेब मांडून बघा. दहा घरमांजरी मेल्या तर दोन वर्षांत त्यांची जागा भरून निघेल. दहा मार्गे गेल्या तर ती जागा भरायला कितीतरी वर्षं लागतील.

आणि त्या दहा-दहाने गेल्या नाहीत. 1960 आणि 70 च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या अंगावर ठिपकेदार कातड्यांचे कोट होते. ऑसेलॉटबरोबर मार्गेही त्यासाठी मारली गेली. आणि एवढ्याशा मांजराचं कातडं ते किती, एका कोटाला कितीतरी लागायची. 1975 मध्ये साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि आज मार्गे त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या कातड्याचा देशोदेशींचा व्यापार बंद. कोट गेले. जंगलतोड मात्र चालू राहिली. आज धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत मार्गेची नोंद ‘संकटाच्या जवळ’ अशी आहे.

अजून एक पेच आहे. जिथे ऑसेलॉट भरपूर, तिथे मार्गेसारखी लहान मांजरं विरळ असतात. ऑसेलॉट त्यांच्याहून तीन-चारपट जड, ते लहानांना दाबून ठेवतं. त्यामुळे नुसतं चांगलं अभयारण्य असून भागत नाही, बाहेरची लहान लहान रानंही लागतात. आता पहिल्या उत्तरातला तो नर आठवा. त्याला सुमारे 11 चौरस किलोमीटर क्षेत्र लागलं आणि लांब जाताना तो जमिनीवर उतरायचा. ज्याचे पाय, शेपूट, डोळे सगळे फांद्यांसाठी घडलेले आहेत, त्याला दोन तुकड्यांमधलं कुरण आणि रस्ता ओलांडावा लागतो. तिथे कुत्री आहेत, गाड्या आहेत, कोंबड्या राखणारा माणूस बंदूक घेऊन आहे.

तुम्ही कणकवलीचे, म्हणून हे तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागू नये. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या वड-आंब्यांची वर जुळलेली कमान गेली. ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि डोंगरउतारावर मिश्र रान होतं तिथे एकाच जातीच्या झाडांच्या रांगा आल्या. दोडामार्गकडे रबर आला. झाडं मोजली तर हिरवळ कमी झालेली दिसणार नाही. पण वेली नाहीत, ढोल्या नाहीत, एका झाडाची फांदी दुसऱ्यात गेलेली नाही. 2020 मध्ये तिलारीचं रान संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, हे फार चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच की त्याच्याबरोबर गावोगावच्या देवराया आणि त्यांच्यामधले झाडीचे पट्टेही मोजले पाहिजेत. देवराई चार गुंठ्यांची असली तरी तिच्यातली एक जुनी ढोली एका वाघाटीची वीण पार पाडते.

प्रश्न : अमेरिकेत लोक हे मांजर पाळत असत असं वाचलं. इतकं सुंदर आहे तर पाळायला काय हरकत? आमच्या गावात गवत कापताना अशीच ठिपक्यांची दोन पिल्लं सापडली होती, ती एका घरात वाढवायला घेतली पण जगली नाहीत.
*– वाचक, दापोली*

हरकत आहे, आणि ती मी अगदी स्पष्ट सांगते. एके काळी अमेरिकेत ऑसेलॉट आणि मार्गे पाळायची हौस होती हे खरं. पिंजऱ्यातल्या एका मार्गेमागे जंगलातून एक आई गेलेली असायची. मोठं झालेलं मार्गे घरात मावत नाही. ते रात्रभर जागं असतं, हद्द आखायला घरभर लघवी करतं, चावतं. त्याच्या घोट्याला झाड लागतं आणि आपण त्याला पडद्याची दांडी देतो. आपल्याकडे तर कायद्याने ते शक्यच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्ही वाघाट्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ-बिबट्याच्या बरोबरीने.

तुमच्या गावातल्या पिल्लांबद्दल वाचून वाईट वाटलं. ज्यांनी ती घरी नेली त्यांनी दयेपोटीच नेली असणार, हेही मला कळतं. पण ती अनाथ नव्हती. आई शिकारीला गेलेली असते किंवा विळ्यांचा आवाज ऐकून जवळच दडलेली असते. माणसं निघून गेली की ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणून गवत कापताना, काजूचा पाचोळा गोळा करताना पिल्लं दिसली तर तेवढा तुकडा कापायचा सोडा आणि सगळ्यांनी तिथून निघा. कुत्रे बांधून ठेवा. हाताळू नका, फोटोसाठी बाहेर काढू नका, गाईचं दूध तर अजिबात पाजू नका, त्याने त्यांना जुलाब होतात. रात्र उलटून सकाळ झाली आणि पिल्लं तिथेच असली, किंवा एखादं जखमी असलं, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि वनरक्षक येईपर्यंत लांबून लक्ष ठेवा.